कणगी कोणत्या महिन्यात रिकामी होते?

अमळनेरला अर्थशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला शिकणाऱ्या एका मुलाचा प्रश्न आहे: "जगात धान्य कमी पडतं म्हणून लोक उपाशी राहतात, की लोकसंख्या जास्त आहे म्हणून? आपल्या खान्देशात केळी, कापूस, ऊस, मका एवढं पिकतं, तरी कुपोषण म्हटलं की नंदुरबारचंच नाव का येतं? काही लोक म्हणतात की तिथले लोक आळशी आहेत, पैसा दारूत घालवतात. प्रकल्पात नेमकं काय लिहू?"

मी अंगणवाडी पर्यवेक्षिका होते. तेहतीस वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी नंदुरबारच्या अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांत. अर्थशास्त्र शिकलेली नाही, पण वजनकाटा आणि दंडाचा घेर मोजायची पट्टी घेऊन एवढी वर्षं फिरलं की थोडं आपोआप शिकायला होतं.

तुझा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तोच सगळ्यांच्या मनात असतो. दारू आहे. मोहाची निघते, आणि तिने धुळीला मिळवलेली घरं मी पाहिली आहेत. पण धुळ्या-जळगावच्या पगारदार घरांत बाटली येत नाही का? त्यांची पोरं तीव्र कुपोषित होत नाहीत, कारण बाटलीचे पैसे जाऊनही डब्यात डाळ-तांदूळ उरतो. दारू भुकेल्या घराला आणखी खाली ओढते, पण भूक तिच्या आधीपासून घरात असते. आळशीपणाचं म्हणशील, तर दिवाळीनंतर गुजरातेत बारडोली-व्यारा भागातला उसाचा एखादा पडाव, म्हणजे तोडणाऱ्यांचा तात्पुरता मुक्काम, बघून ये. थंडीत पहाटे, तांबडं फुटायच्या आत, नवरा-बायको फडात. तो तोडतो, ती मोळ्या बांधून डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, आणि तान्हं पोर उसाच्या पाचटावर झोपलेलं. यांना आळशी म्हणणाऱ्याने एक दिवस कोयता धरावा, बस.

आता धान्याचं. जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. माणसं ८०० कोटींच्या वर. भागाकार तूच कर. माणशी वर्षाला साडेतीनशे किलोच्या आसपास, म्हणजे दिवसाला किलोला थोडं कमी. त्यात डाळी, कंद, तेलबिया, फळं, दूध धरलेलंच नाही. दिवसभर खडी फोडणारा गडीसुद्धा एवढं धान्य खात नाही. तरी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या अंदाजानुसार २०२४ साली जगात सुमारे ६७ कोटी ३० लाख माणसांना पोटभर मिळत नव्हतं. दर बारा माणसांत एक. आणि सकस, चौरस आहार ज्यांच्या खिशाला परवडत नाही अशी माणसं २६० कोटी. म्हणजे किलोभर धान्य कागदावर प्रत्येकाच्या वाट्याला आहे, ताटात नाही. तिसऱ्या हिश्शाहून जास्त जनावरांच्या दावणीला जातं. अमेरिकेच्या मक्याचा तेवढाच मोठा भाग इथेनॉल होऊन गाड्यांच्या टाकीत जातो. आणि २०२२ या एका वर्षात घरं, हॉटेलं आणि दुकानं मिळून १०० कोटी टनांहून जास्त अन्न फेकलं गेलं.

लोकसंख्येवर फार वेळ घालवू नकोस. १९६१ पासून जगातली माणसं अडीच पटींहून थोडी जास्त झाली, धान्य मात्र तिपटीच्या पुढे गेलं. धडगावकडच्या एका बाईला मी चौथ्या बाळंतपणानंतर कुटुंब नियोजनाचं सांगायला गेले होते, तर ती म्हणाली, "बाई, चार झाली, दोन राहिली. या दोघांची तुम्ही चिठ्ठी लिहून देता का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पोरं जगतील याची खात्री आली की बायका आपणहून थांबतात, हे मी त्याच डोंगरात पुढे पाहिलं.

मग माणूस उपाशी का राहतो? यासाठी दोन दुष्काळ शेजारी ठेवून बघ. पहिला १९४३ चा, बंगालचा. २० ते ३० लाख माणसं गेली. अमर्त्य सेन तेव्हा नऊ वर्षांचे होते आणि त्यांनी तो डोळ्यांनी पाहिला. पुढे १९८१ मध्ये त्यांनी हिशोब मांडून दाखवला की त्या वर्षी बंगालात १९४१ पेक्षा जास्त धान्य उपलब्ध होतं. १९४१ मध्ये दुष्काळ पडला नाही, १९४३ मध्ये पडला. युद्धाच्या खर्चाने भाव भडकले, साठेबाजी झाली, जपानी येतील या भीतीने इंग्रजांनी किनाऱ्यावरच्या होड्या काढून घेतल्या. शेतमजूर, कोळी, न्हावी यांच्या हातात येणारा पैसा तेवढाच राहिला आणि तांदळाचा भाव कुठल्या कुठे गेला. कलकत्त्याच्या दुकानांत माल होता, दुकानांसमोरच्या फुटपाथवर प्रेतं होती.

दुसरा आपला, १९७२ चा. राज्यातलं धान्य उत्पादन जवळपास निम्म्यावर आलं होतं, म्हणजे पिकाच्या हिशोबाने बंगालपेक्षा कितीतरी वाईट. मी तेव्हा आठ वर्षांची, शिंदखेडा तालुक्यात. विहिरीत खडखडाट, आणि बैल पांजरपोळात सोडून आल्यावर वडील दोन दिवस जेवले नव्हते. आई पाझर तलावाच्या कामावर माती वाहायला जायची. आम्ही अमेरिकेहून आलेल्या मिलो ज्वारीची लालसर भाकरी खाल्ली. ती गार झाली की चावत नसे, आणि आमची आजी तिला सरळ शिव्या द्यायची. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हाल झाले, पण बंगालसारखी माणसं मेली नाहीत. पीक गेलं होतं, तरी कामाच्या हजेरीपटावर आईचं नाव होतं. पगार उशिरा का होईना, हातात पडायचा, आणि त्यावर बाजारातलं धान्य घरात यायचं. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून उभी राहिलेली रोजगार हमी योजना पुढे १९७७ मध्ये कायदा झाली, २००५ च्या केंद्राच्या कायद्यामागे तिचाच अनुभव होता.

तर शेतात किती पिकलं हा एक प्रश्न झाला. तुझ्या प्रकल्पाला उपयोगी प्रश्न दुसरा आहे: या घराच्या पदरात धान्य कोणत्या वाटेने पडतं, आणि ती वाट वर्षाच्या कोणत्या महिन्यात बंद होते? माझं म्हणणं एवढंच आहे. भुकेला पंचांग असतं. सरासरीत ती दिसत नाही, महिन्यात दिसते.

सातपुड्यातल्या एका घराचं वर्ष सांगते. दोन-तीन एकर उताराची जमीन, दगडगोट्याची, पावसावरची. ज्वारी, मका, उडीद, थोडं मोर-बर्टीसारखं भरडधान्य. कार्तिकात माल घरी येतो. त्यातला काही दिवाळीतच दुकानदाराची उधारी फेडायला जातो, भाव सगळ्यात पडलेला असतो तेव्हाच. उरलेला बांबूच्या कणगीत साठवायचा. मग म्हातारे घरी ठेवून बाकीचे गुजरातेत ऊसतोडीला, कोणी सौराष्ट्रात कापूस वेचायला. होळीला काहीही झालं तरी परत यायचं. होळी चुकवणारा माणूस मी त्या डोंगरात पाहिला नाही. त्यानंतर मोहाची फुलं वेचायची, मग चारोळी, वैशाखात कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर करायचं. हात काळे-करडे होतात आमचुराने. तो आमचूर व्यापारी सांगेल त्या भावात जातो, कारण जून तोंडावर आणि बियाण्याला पैसा हवा. आषाढ लागतो. कणगीच्या तळाशी खरवडायला काही नसतं. नाले भरलेले, एसटी बंद, घरात हगवण आणि हिवताप, बाई निंदणीला रानात, बहुतेकदा पोटुशी किंवा अंगावर पाजणारी. आषाढ, श्रावण, भाद्रपद. आमच्या नोंदवहीत मुलांची वजनं याच तीन महिन्यांत घसरायची, वर्षानुवर्षं, ठरल्यासारखी.

आणि नेमका याच दिवसांत ऊसतोडीला माणसं जमवणारा मुकादम येतो. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो. पुढच्या दिवाळीनंतरच्या श्रमाचा सौदा भाद्रपदातल्या रिकाम्या कणगीशेजारी बसून होतो. भुकेल्या माणसाला भाव ठरवता येतो का? पैसे घेतो, दुकानातून दुप्पट भावात धान्य आणतो, आणि हिवाळ्यात जे काही कमावेल ते आधीच खाऊन बसतो. फडावरून परत येतो तेव्हा हिशोबात काही ना काही अंगावर राहिलेलंच असतं. तू पुस्तकात वाचशील की गरिबीमुळे भूक येते. बरोबर आहे. पण भाद्रपदात बसून बघितलं तर भुकेमुळे गरिबी येताना दिसते.

सपाटीवर हे पंचांग वेगळं होतं, पण होतंच. शहादा, शिरपूर, चोपडा भागात सालदाराचं साल आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ठरायचं. वर्षभराचा माणूस एका दिवसात बोलीने बांधला जायचा. शिरपूरकडच्या एका सालदाराची बायको मला श्रावणात म्हणाली होती, "माय, दाना सरी ग्यात." म्हणजे दाणे संपले. धनी चांगला होता, असं तीच सांगत होती. पण पुढचे दाणे पुढच्या सालात मांडून घ्यावे लागणार होते.

आता केळी आणि उसाचं. केळी रावेर-यावलला, ऊस शहाद्याच्या काळ्या जमिनीत. ज्याचं शेत त्याचं पीक. डोंगराच्या पायथ्याची बरीच जमीन एकेकाळी आदिवासींची होती, ती सावकारीत, कागदावरच्या अंगठ्यांत गेली. १९७२ च्या सुमारास शहाद्यात आदिवासींचे नेते अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेने याच प्रश्नावर रान उठवलं होतं. १९७४ मध्ये आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्याने केला, काही जमिनी परत मिळाल्या, पुष्कळ नाही. त्यामुळे जिल्ह्यात ऊस वाढला म्हणून तोडणाऱ्याच्या घरात काही वाढत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी होती आणि नंदुरबारात तर निम्म्याहून जास्त मुलं वजनाने कमी भरली. जिल्हा तोच, जिथली मिरची पथारींवर वाळताना लाल समुद्रासारखी दिसते आणि देशभर जाते.

जगाकडे याच नजरेने बघ, खूप गोष्टी उलगडतील. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला नायजर, माली, बुर्किना फासो हे देश आहेत. तिथला शेतकरी बाजरी आणि ज्वारी पिकवतो, आपल्यासारखाच पावसाच्या भरवशावर. माल सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, जून ते ऑगस्ट कणग्या रिकाम्या. या काळाला तिथे फ्रेंचमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ सांधा, जोड: जुनं पीक आणि नवं पीक यांच्यामधला. मलावीत हेच दिवस जानेवारी ते मार्च. आपल्याकडे खावटी हा शब्द आहे. राज्याच्या आदिवासी विकास महामंडळाने १९७८ पासून खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली ती याच पावसाळ्यासाठी. कोरोनाच्या काळात त्याचं अनुदान झालं: कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे खात्यात आणि निम्म्याचा किराणा. योजनेमागचं शहाणपण मला नेहमी आवडलं. कोणीतरी महिन्याचा विचार केला होता. किराणा पावसाळा संपल्यावर पोहोचला की मात्र तेच शहाणपण वाया जातं.

मालीचा शेतकरी कापूसही पिकवतो, आणि जळगावचाही. अमेरिका आपल्या कापूसवाल्यांना भरघोस अनुदान देते, त्याने जगातला भाव दबतो, अशी तक्रार बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत मांडली. तुझ्या वर्गात कापूसवाल्याची पोरं असतील, त्यांना हे समजावून सांगावं लागणार नाही.

काही ठिकाणी मात्र पंचांग वगैरे काही चालत नाही, तिथे भूक माणसं मुद्दाम आणतात. सुदान आपल्यासारखाच ज्वारी खाणारा देश. एप्रिल २०२३ मध्ये तिथे सैन्य आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये उत्तर दारफुरमधल्या झमझम छावणीत दुष्काळ जाहीर करावा लागला. पाऊस नव्हता म्हणून नाही. रस्ते अडवले होते, बाजार लुटले होते, शेतावर जाता येत नव्हतं. उपासमारीचा शस्त्र म्हणून वापर निषेधार्ह आहे, असा ठराव सुरक्षा परिषदेने २०१८ मध्येच केला होता. ठराव झाला, तरी झमझमही झालं. आणि दूरच्या युद्धाची झळ किती लांब येते ते तुझ्या आईला विचार. फेब्रुवारी २०२२ नंतर सूर्यफूल तेलाचा डबा कुठे गेला होता? आपलं बहुतेक सूर्यफूल तेल युक्रेनमधून येत होतं. त्याच मे महिन्यात भारताने गव्हाची निर्यात थांबवली. आपल्या ग्राहकाच्या दृष्टीने ते बरोबरच होतं, पण आपल्या गव्हाची वाट बघणाऱ्या गरीब देशांतल्या गिऱ्हाइकाला त्याची किंमत मोजावी लागली.

परत घरी येते. रेशनबद्दल लोक नाक मुरडतात, मी मुरडत नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून फुकट. मी नोकरीला लागले तेव्हाची निव्वळ उपासमार पुढे दिसेनाशी झाली, त्यात या धान्याचा मोठा वाटा आहे असं मी समजते. पण तो गहू-तांदूळ आहे. डाळ नाही, तेल नाही, अंडं नाही. पोट भरतं, पोर वाढत नाही. दुसरी अडचण गमतीची आहे, म्हणजे रडायला येईल अशी. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. त्याच जिल्ह्यात कोयत्याने आणि आमचुराने झिजलेली बोटं रेशनच्या यंत्राला ओळखू येत नव्हती. बाई समोर उभी, यंत्र म्हणतं ही ती नाही. आता रेशनचं कार्ड दुसऱ्या राज्यातही चालतं. पण ऊस तोडायला गेलेलं कुटुंब दर पंधरा दिवसांनी पडाव हलवतं, दुकान सापडेपर्यंत मुक्काम उठलेला असतो.

परिणामांचं तू विचारलं नाहीस, पण प्रकल्पात लागेलच. एक मुलगी आठवते. ऑक्टोबरात दंडाची पट्टी हिरवी, साडेबारा सेंटिमीटरच्या वर. होळीला परत आली तेव्हा लाल, साडेअकराच्या आत. पाच महिने फडावर, आईचं दूध आटलेलं, वरचं म्हणजे चहात बुडवलेली भाकरी. पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल केली. तिथे आईला बुडीत मजुरी मिळते, तरी पाचव्या दिवशी आई पोर घेऊन निघून गेली. घरी उरलेल्या दोन पोरांना कोण बघणार, आणि उचलीतले राहिलेले दिवस भरायला मुकादम परत बोलावत होता. मी तेव्हा तिच्यावर ओरडले. आज ओरडले नसते.

ती मुलगी जगली, पण ठेंगणी राहिली. पहिले हजार दिवस, म्हणजे गर्भापासून दुसऱ्या वाढदिवसापर्यंत, जे निसटतं ते पुढे फारसं भरून निघत नाही. जगात अशी खुरटलेली मुलं सुमारे १५ कोटी आहेत, आणि पाच वर्षांखालच्या बालमृत्यूंपैकी जवळपास निम्म्यांमागे अपुरं पोषण असतं. खुरटलेलं मूल आजारी दिसत नाही, हीच खरी पंचाईत. आई म्हणते, बापही असाच बुटका आहे. बापाचंही बालपण त्याच भाद्रपदात गेलेलं असतं. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात युद्धामुळे उपासमार झाली, तेव्हा पोटात असलेली मुलं पन्नाशीला आल्यावर त्यांच्यात मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळले. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलं की आपली बाळं वजनाला कमी पण अंगात चरबी जास्त घेऊन जन्मतात, आणि पुढे मधुमेहाकडे झुकतात. एक सावधगिरी: सातपुड्यातला सगळा अशक्तपणा भुकेचा धरू नकोस. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिथे बराच आहे. लोहाच्या गोळ्या देऊनही फिकट राहणाऱ्या पोरीची रक्ततपासणी आधी करायची, आहाराचं व्याख्यान नंतर.

बाकी परिणाम तुझ्या पुस्तकात असतीलच: शाळा सुटते, कर्ज वाढतं. पुस्तकात नसेल ते सांगते. ऊसतोडीत 'कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल जोडीला मिळते. त्यामुळे पोरीचं लग्न कधी होणार हे काही घरांत तिच्या वयावर ठरत नाही, हंगामावर ठरतं.

उपाय विचारशील तर माझा एकच हट्ट आहे. गावात काम आणि त्याची मजुरी मुकादमाच्या आधी पोहोचली पाहिजे. श्रावणात आठ दिवसांत पैसे हातात पडले तर उचल घ्यायची की नाही, हे ते घर निदान ठरवू शकतं. कार्तिकात पडले तर उपयोग निम्मा. अमृत आहार योजनेने २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा बायकांना दिवसातून एक वेळ अंगणवाडीत ताजं जेवण मिळू लागलं, ते मला कामाचं वाटतं. पाकीट घरी दिलं की ते सगळ्यांत वाटलं जातं, ताटातलं तिच्याच पोटात जातं. पण तीच बाई नोव्हेंबरात पडावावर गेली की हे ताटही सुटतं, आणि मागे राहिलेल्या मुलांसाठी गावात वसतिगृह लागतं.

आता प्रकल्पाचं. पाहणीला जाणार असशील तर "तुम्ही उपाशी राहता का?" असं कोणाला विचारू नकोस. कोणी हो म्हणणार नाही, आणि विचारल्याबद्दल तुलाच वाईट वाटेल. विचार, मागच्या वर्षी घरचं धान्य कोणत्या सणापर्यंत पुरलं. महिना नाही, सण. पोळा की होळी, हे लगेच सांगतील. उचल केव्हा घेतली आणि तिचं पहिल्यांदा काय आणलं. घरात शेवटी कोण जेवतं, आणि काल त्या व्यक्तीच्या वाट्याला भाकरीबरोबर काय आलं. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नकोस, तेव्हा कणग्या भरलेल्या दिसतील आणि तू चुकीचा प्रकल्प लिहिशील. ऑगस्टमध्ये जा. छत्री, जादा चपला आणि स्वतःचं जेवण घेऊन जा, कारण तू पाहुणा म्हणून बसलास की ते तुला जेवू घातल्याशिवाय उठू देणार नाहीत.